बाळंतिणीनं केलेलं बाळंतपण

माही पोरगी दीड महिन्याची होती तवा सासूचा फोन आला, अकोटले, माह्या आईकडे, का आता पाठवा तिले, इकडं आमच्या पोरीचे दिवस भरत आले अन् घरात करणारं कोणी नाई. पहिलं बाळंतपण माहेरी करतात अन् बाळंतीण तीन महिने माहेरी राहते, हा आमच्याकडचा नेम. पण नणंदेचंही पहिलंच होतं, अन् तिचं माहेर म्हणजे माहं सासर. तिचा नेम पाळायसाठी माहा नेम मोडावा लागला. आई फोनवर म्हणे, "अजून आंग भरलं नाई वो तिचं, पोटाले बांधलेलं फडकं सुटलं नाई." सासू म्हणे, "इथी काय खदान खोदायची हाय? पाठवा." मी बाजूलेच उभी होती. मले कोणी इचारलं नाई, अन् इचारलं असतं तं मी जातोच म्हटलं असतं, कारण मले सासूचं भेव वाटे. तवा मले सगळ्याचंच भेव वाटे, सासूचं, कुत्र्याचं, कुकरच्या शिट्टीचं, एसटीच्या कंडक्टरचं. माही शाळा नववीत सुटली ती बी गणिताच्या सरच्या भेवानं, अभ्यासाचा तिच्यात काही दोष नव्हता.

सासर बडनेऱ्याच्या अलीकडे, गाव लहान, घर दोन खोल्याचं. सासरे नाईत. आमचे हे रेल्वेत ठेक्यावर डबे धुवायले जातात, सकाळी गेले का संध्याकाळी येतात, आले का झोपतात. म्हणजे घरात सासू, नणंद, मी अन् माही पोरगी. मंग पंधरा दिवसानं अमरावतीच्या दवाखान्यात नणंदेचं ऑपरेशन झालं, पोरगा झाला, अन् आम्ही पाच झालो.

आता बाळंतिणीचं काय काय करावं लागते ते मले चांगलं माहीत होतं, कारण महिनाभर आधी ते सगळं माहं झालं होतं. पाणी तापवणं, तेल लावणं, शेक देणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ओवा भाजून देणं, हे मी आता नणंदेचं करो. लाडवाचा डबा तिच्या उशाशी राहे. लाडू मलेही भेटे, वळतानी, गूळ बरोबर झाला का ते पाहायपुरता. मलेही सगळे बाळंतीणच म्हणत, पण "बाळंतिणीले जेवायले दे" असं सासू म्हणे तवा ताट कोणाकडे न्यायचं ते मले समजे.

दवाखान्यातच तिसऱ्या दिवशी ते झालं. मी डबा घेऊन गेली होती, माही पोरगी कडेवर. नणंदेले दूध येत नव्हतं, टाके दुखत होते, तिले नीट बसता येत नव्हतं, अन् पोरगं असं रडे का वॉर्डातल्या बाया आपापलं सोडून आमच्याकडं पाहायल्या लागल्या. सासूनं माह्याकडं पायलं. माह्या ब्लाउजकडं पायलं. लेकरू रडलं का मले पान्हा फुटे, कोणाचंही रडलं तरी, त्याले मी काय करणार, ब्लाउज भिजला होता.

"तुले येऊन राहिलं तं पाज ना त्याले," सासू म्हणे. "दोन दिवस. तवरक तिले येऊन जाईन."

मी पाजलं. दोन दिवस. ते दोन दिवस दोन महिने चालले.

अन् खोटं काहून बोलू, मले सुरुवातीले बरं वाटलं. नणंदेचा नवरा अचलपूरहून मोबाइलवर दिसे, तो म्हणे, "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" शेजारच्या बाया येत अन् सासू त्याईले सांगे, "सून नाई बाई, गाय हाय." मले आजवर कोणी कशासाठीच चांगलं म्हटलं नव्हतं. गाय तं गाय. मी अजून एक पोळी कमी खाओ अन् अजून एक बादली पाणी तापवो.

फरक लेकराईचा होता. पोरगं मोठ्यानं रडे, आधी रडे, अन् हातात घेईपर्यंत रडे. माही पोरगी गरीब. ती नुसती तोंड उघडे अन् बंद करे, आवाज काही येत नसे. मंग जो रडे त्याले आधी. तो दोन्हीकडचं पेये, तो सुटला का मी तिले घेओ, ती जे उरलं ते ओढत राहे अन् ओढता ओढताच झोपून जाये. मी म्हणो, पाय, किती शांत लेकरू हाय.

एक दिवस नणंद पलंगावरून म्हणे, "वहिनी, मी तुमच्या पोरीले सून करून घेतो. मामाची पोरगी, घरातल्या घरात."

"घे ना," सासू म्हणे, "पत्रिका बी नको छापू."

"म्हणून तं म्हणतो, नवऱ्याले आधी पिऊ द्या. तिची सवय आतापासूनच लागलेली बरी."

त्या दोघी लय हसल्या. मीही हसली. माही पोरगी तीन महिन्याची नव्हती अन् नवऱ्याच्या मागून जेवायले लागली होती. मंग दुसऱ्या दिवशी सासूच तांदूळ निवडता निवडता म्हणे, "पण एका आंगावर पेले तं ते भाऊ-बहीण झाले ना वो?" नणंदेनं तोंड फुगवलं. सोयरीक मोडली. पाजणं काही मोडलं नाई.

आता अडकित्त्याचं सांगतो. सासूले सुपारी लागते, म्हणून घरात अडकित्ते दोन, एक तिच्या थैलीत, अन् एक जुना, जड, तिच्या सासूचा. लहान लेकराजवळ लोखंड ठेवलं का त्याले काही लागत नाई असं म्हणतात. सासू म्हणे, "मी असं काही मानत नाई. पण ठेव." म्हणून तो जुना अडकित्ता माह्या पोरीच्या दुपट्यात, कोपऱ्याले गाठ मारून, तसाच राहे. नणंदेच्या पोराले चाकू होता.

पोरगी तीन महिन्याची झाली तवा अंगणवाडीत वजन होतं. थंडी होती. अंगणवाडीच्या बाईकडं झोळीचा काटा, छताच्या हुकाले लटकवलेला. मी दुपटं सोडायले लागली तं ती म्हणे, "राहू दे वो, गारठून जाईन, तसंच टाक." मी तसंच टाकलं. काटा खाली गेला. बाईनं कार्डावर टिंब काढलं, हिरव्या पट्ट्यात, अन् सगळ्या बायाईले ऐकू जाईन असं म्हणे, "हे पाहा, हिले म्हणतात वाढ. अंगावरचं दूध देते ही. नाईतं तुमी, बिस्किटं चारता." सगळ्याईनं माह्याकडं पायलं. घरी येऊन दुपटं सोडलं तं हातात अडकित्ता आला.

मी खाली बसली. परत जाऊन सांगावं असं वाटलं. मंग वाटलं, बाई रागावीन, म्हणीन का मले फसवलं. मंग वाटलं, हिरवं हाय ना, हिरवं म्हणजे चांगलंच. मी अडकित्ता परत गाठीत बांधला अन् पोळ्या करायले गेली.

त्याच्यानंतर मले रोज दिसे. पोरीचे हात पाहो तं मनगटावर वळी पडत नव्हती. पोराच्या दोन पडल्या होत्या. तिची आंगडी जी दुसऱ्या महिन्यात येत होती तीच चौथ्यातही येये. मी एक दिवस हिंमत करून सासूले म्हटलं, "आत्याबाई, पोरगी भरून नाई राहिली."

"काय भरून नाई राहिली? कार्ड काढ." कार्ड काढलं. "हे काय हाय? हिरवं हाय का नाई?"

"हाय."

"मंग? बाईपेक्षा तुले जास्त समजते?"

मी माह्याच हातानं माहं तोंड बंद करून ठेवलं होतं. तिले मी काय सांगू?

पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी मी काय केलं ते सांगायची लाज वाटते पण सांगतो. मी पोरीले पोटभर पाजलं, तिचं पोट टम्म होईपर्यंत, नणंद आतून बोंबलत होती तरी. स्वेटर घातला. पायात वाळे घातले, हातात बिंदल्या घातल्या. दुपट्याची गाठ हातानं चाचपून पायली, अडकित्ता हाय का. हाय. ह्या वेळी चुकून नव्हता. मले फक्त एवढंच वाटे का कोणी मले सगळ्यासमोर काही बोलू नये.

सासू बरोबर आली, खाऊची पाकिटं न्यायची होती. अंगणवाडीत पाहतो तं झोळीचा काटा नाई. टेबलावर नवा चपटा काटा, आकडे चमकणारा. बाई म्हणे, "आता सगळं काढायचं. आंगावर धागा बी नको. वरून सांगितलं हाय."

"थंडी हाय," मी म्हटलं.

"खिडकी लावली हाय मी."

"तिले सर्दी हाय."

"काढ वो!"

मी काढायले लागली. वाळे काढले, बिंदल्या काढल्या, स्वेटर काढला, जितकं हळू काढता येते तितकं हळू. दुपटं ओढलं अन् गाठ सुटली अन् अडकित्ता फरशीवर पडला. असा आवाज झाला का तीन लेकरं रडायले लागली. माही नाई रडली.

बाईनं अडकित्त्याकडं पायलं. मंग पोरीले काट्यावर ठेवलं, आकडा पायला, कार्ड पायलं, परत आकडा पायला. "हे तं मागच्या महिन्याहून कमी हाय," ती म्हणे. "हा अडकित्ता मागच्या वेळीही होता का?"

सासूच मध्ये म्हणे, "मीच देला होता बाई. लोखंड हाय, लेकराजवळ राहू द्यावं. मी मानत नाई तसं."

"ते ठीक हाय, पण मागच्या वेळी होता का? हिले इचारून राहिली मी."

सगळ्या बाया माह्याकडं पाहून राहिल्या होत्या. सासूही. मी म्हटलं, "नाई."

आता त्या एका 'नाई'नं काय झालं पाहा. अडकित्ता नव्हता म्हणजे मागच्या महिन्याचं वजन खरं, अन् ते खरं म्हणजे पोरीचं वजन महिनाभरात घटलं. चार महिन्याचं लेकरू घटत नसते. बाईचा चेहरा बदलला. तिनं लाल पेनानं चिठ्ठी लिहिली अन् म्हणे, "उद्याच्या उद्या अमरावतीले न्या. हे साधं नाई."

दुसऱ्या दिवशी सासू अन् मी दवाखान्यात गेलो. नणंदेनं पोरासाठी वाटीत दूध काढून ठेवायले लावलं होतं, ते काढून ठेवूनच निघाली. डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, पोरीचं पोट दाबून पायलं, छाती पायली, इचारलं हगवण हाय का, ताप येते का, घरात कोणाले खोकला हाय का, टीबी हाय का. नाई, नाई, नाई, नाई. मंग तो म्हणे रक्त काढू, छातीचा फोटो काढू, भरती करून घेऊ, कारण सापडलं पायजे. सिस्टर सुई घेऊन आली. पोरीचा हात एवढासा, तिले शीर सापडेना. तिनं दोन ठिकाणी टोचलं. तिसऱ्या वेळी माही पोरगी रडली, आवाज काढून, तोंड भरून. मले माहीतच नव्हतं का तिले असा आवाज हाय.

"सिस्टर," मी म्हटलं, "त्याच्यात अडकित्ता होता."

"कशात?"

"वजनात."

"कोणाच्या?"

"हिच्या. मागच्या महिन्यात. मी खोटं बोलली."

सिस्टरनं सुई बाजूले ठेवली. माह्यापेक्षा वयानं बरीच मोठी, चष्मा कपाळावर. ती म्हणे, "अडकित्ता म्हणजे सुपारीचा?"

"हो."

"कुठी हाय तो?"

सासूनं थैलीत हात घातला. आधी तिचा रोजचा निघाला, मंग जुना निघाला, तो तिनं काल फरशीवरून उचलून ठेवला होता. सिस्टरनं जुना काट्यावर ठेवला, आकडा पायला, कागदावर वजाबाकी केली. मले वजाबाकी येते पण मी पायलं नाई.

"हे पाय," ती म्हणे. "पोरगी घटली नाई. पण वाढली बी नाई. महिनाभरात जागच्या जागी हाय. काय पाजता?"

"अंगावरचं."

"किती वेळा?"

मी भिंतीवरचा लसीचा तक्ता पाहायले लागली. सासूही तिकडंच पाहायले लागली.

"सांग ना वो. तिथी काही लिहिलं नाई, इकडं सांग."

"दोघाईले पाजतो," मी म्हटलं. "नणंदेच्या पोरालेही. तिले येत नाई."

"आधी कोणाले?"

"त्याले."

"अन् तू कवा जेवते?"

"सगळ्याईचं झाल्यावर."

मले वाटलं आता ती रागावीन. ती रागावली नाई, तिनं स्टूल ओढलं अन् बसली, अन् असं बोलली जसं भाजी कशी करायची ते सांगून राहिली. "लेकरू ओढते तवा दूध येते. जितकं ओढीन तितकं येईन. तुह्या नणंदेले कसं येईन, तू तिचं लेकरू तिच्या आंगाले लागूच देलं नाई. तिले येऊन राहिलं असतं ते तू आटवलं. तुही पोरगी उपाशी ठेवली. अन् तू सोता पाय, तुह्या डोळ्यात रक्त दिसत नाई. तिघीचं नुकसान केलं तू."

"मी तं मदत करून राहिली होती," मी म्हटलं.

"हो," सिस्टर म्हणे. "दिसून राहिलं."

मंग ती सासूकडं वळली. "घरात बाळंतिणी दोन हाय, माय. तुमाले एकच दिसली का?" सासूनं दोन्ही अडकित्ते उचलून थैलीत टाकले. सिस्टरनं डॉक्टरले सांगितलं तं भरती करायचं राहिलं. मंग तिनं मले सांगितलं: आधी आपल्या पोरीले पाजायचं, दोन्ही बाजू, तिनं सोडेपर्यंत. पोराले त्याच्या आईच्या आंगावर लावायचं, किती बी रडो, मी उचलायचं नाई. अन् मी सगळ्याईच्या आधी जेवायचं. आठ दिवसानं परत आणायचं.

ऑटोनं घरी निघालो. बडनेरा आलं तवा सासू म्हणे, "मले सांगायचं ना वो."

"भेव वाटे."

"कोणाचं?"

"तुमचं."

तिनं सुपारी काढली अन् परत ठेवून देली. "घरी तिले तूच सांगजो," ती म्हणे. "मी नाई सांगत. माही पोरगी हाय, मले माहीत हाय, ती आकाशपाताळ एक करीन." अन् ती पदरानं तोंड पुसायले लागली, तोंडाले काही लागलं नव्हतं तरी. सासूलेही कोणाचं तरी भेव वाटते हे मले तवा पहिल्यांदा समजलं.

घरी आलो तं दुपार कलली होती. वाटीतलं दूध संपलं होतं अन् पोरगं रडून राहिलं होतं. नणंद पलंगावर बसून म्हणे, "आल्या का? घ्या याले, घसा सुकला याचा."

मी चप्पल काढली, पोरीले घेतलं, अन् दारातच उभी राहून म्हटलं, "ताई, त्याले तुमी लावा आंगाले. सिस्टरनं सांगितलं. तो ओढीन तवा तुमाले येईन. मी आता आधी माहीले पाजतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी हिले."

"दोन महिने पाजलं तं आता मोजून द्यायचं का? माह्या पोराले उपाशी मारता?" मंग सासूकडं, "माय, पाय वो ही काय बोलून राहिली!"

सासू चुलीकडं तोंड करून म्हणे, "मी काही ऐकलं नाई. मी पोळ्या करून राहिली." चुलीवर अजून तवा बी ठेवला नव्हता.

मी आतल्या खोलीत गेली अन् कडी लावली. मी त्या घरात कवाच कडी लावली नव्हती. ती दोनदा हातातून सुटली, तिसऱ्यांदा बसली. भिंतीले टेकून बसली अन् पोरीले घेतलं. बाहेर पोरगं रडून राहिलं होतं, अन् ते रडलं का मले पान्हा फुटे, तसा आताही फुटला, त्याच्या रडण्यानं, अन् माही पोरगी तो पेऊन राहिली होती. तिले ठसका लागला. एवढं एकदम आलेलं तिनं पायलंच नव्हतं. मी तिची पाठ थोपटली, ती परत लागली.

दारावर थाप पडली. "वहिनी! झालं का?"

"नाई."

"अजून नाई?"

"नाई, ताई."

बाहेर नणंद रडून बोले, मंग शिव्या देये, मंग पोराले म्हणे, "घे, घे ना रे बापा, घे," मंग परत शिव्या. मी पोरीले दुसऱ्या बाजूले घेतलं. मले लय वेळा वाटलं का उठावं. कडी हातभर अंतरावर होती. मी पायाखाली दुपटं दाबून धरलं जसं ते उडून जाईन. पोरीनं दुसरी बाजूही सोडली, तोंड उघडं टाकून झोपली, ओठावर थेंब होता.

मंग बाहेरचा आवाज बंद झाला. एकदम. मले वाटलं त्या पोराले काही झालं. मी पोरीले खाली ठेवलं, कडी काढली, दार एवढंसं उघडून पायलं. नणंद जमिनीवर बसली होती, केस सुटलेले, डोळे लाल, पदरात पोरगं. पोरगं गप्प होतं अन् त्याचा गाल हलून राहिला होता. सासू तिच्यासमोर उकिडवी बसून तिच्या छातीकडं पाहून राहिली होती, तोंड उघडं.

नणंदेनं मान वर केली.

"पाहून काय राहिल्या?" ती म्हणे. "दार लावा. लेकरू पेणं सोडून देईन."